गुनपेई योकोई यांना अनावृत पत्र

आदरणीय योकोई सर,
सा. न. वि. वि.

१९९७ मध्ये रस्ते अपघातात तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही. तरी लिहितोय. व्हिडिओ गेम डिझाइनच्या कामात कुठे अडलो की मी तुमच्याकडे वळतो, आणि त्या ऋणाचा एकदा तरी उच्चार व्हायला हवा.

१९६५ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीत तुम्ही लागलात ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. फावल्या वेळात गंमत म्हणून लांब होणारा एक लाकडी पंजा बनवलात. मालक यामाउचींच्या तो नजरेस पडला, आणि बोलणी बसण्याऐवजी त्याचं खेळणंच बाजारात आलं. ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांच्या वर खपलं म्हणे! कामावर टंगळमंगळ करणाऱ्या प्रत्येकाच्या वतीनेही तुमचे आभार मानायला हरकत नाही.

पण माझं खरं देणं आहे ते अंगठ्याखालच्या त्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या बटणाचं. १९८२ साली ‘डाँकी काँग’ हा व्हिडिओ गेम निन्टेंडोच्या ‘गेम अँड वॉच’ या घडी होणाऱ्या, हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रात बसवायचा होता. त्यात उभी दांडी ठेवली तर झाकण मिटणार कसं? तुम्ही चारही दिशा एका चपट्या बटणात आणल्यात. खाली न बघताही अंगठ्याला दिशा कळते. टचस्क्रीनवरची बटणं आखताना मला आजही हेच जमवायचं असतं, आणि काचेवर ते धड जमत नाही.

तुमचं ते सूत्रही तसंच: स्वस्त झालेलं, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि भलत्याच कामाला लावायचं. १९८९ चा तुमचा हातात धरून खेळायचा गेम बॉय म्हणजे हिरवट पडदा, मागे दिवा नाही, चार पेन्सिल सेल. पुढच्या वर्षी सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीचा रंगीत गेम गिअर आला. त्याला सहा सेल लागायचे आणि तेही काही तासांत संपायचे. बाजी गेम बॉयनेच मारली, हे जगजाहीर आहे. टीममध्ये कोणी झगमगाटाचा आग्रह धरला की मी विचारतो, साध्या फोनवर, बॅटरी उतरत आलेली असताना हा गेम कसा चालेल? हा प्रश्न तुमच्याकडून उचललेला आहे.

निर्माता म्हणजे तारखा आणि बजेट सांभाळणारा माणूस, असा समज आमच्या धंद्यात फार आहे. तुम्ही तसे नव्हतात. निन्टेंडोचे डिझायनर मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ केला तेव्हा निर्माता म्हणून देखरेख तुमची होती. पुढे १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’च्या वेळी, उंचावरून पडल्यावर मारिओला इजा व्हायला हवी, असं त्यांना वाटत होतं. पडू दे की, त्याशिवाय खेळात मजा कुठली, असं तुमचं म्हणणं. तेव्हापासून मारिओ बिनधास्त उड्या मारतोय. योग्य वेळी डिझायनरला एवढं सांगणारा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं.

डोळे लावून खेळायचा तुमचा ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र मला कधीच आवडला नाही, हेही सांगून टाकतो. लाल रेघांकडे बघून डोळे दुखतात. पण त्यानंतर निन्टेंडो सोडून तुम्ही ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढलीत आणि बांदाई कंपनीच्या ‘वंडरस्वान’ या हातात धरायच्या गेम यंत्रावर काम केलंत. तो १९९९ मध्ये, तुमच्या मागे बाजारात आला. त्याला एकच पेन्सिल सेल लागायचा.

मनःपूर्वक आभार.

आपला,
एक गेम डिझायनर