पॅचसाठी अर्धा तास मिळाला नाही, नोटीस मात्र मिळाली : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. विदर्भातल्या एका नगरपरिषदेत मी कंत्राटी डीबीए, म्हणजे डेटाबेस प्रशासक, होतो. 'होतो' म्हणायचे, कारण नोटीस यायच्या आधीच माझे लॉगिन बंद झाले होते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवाने, सगळे ज्या सर्व्हरवर होते तो कुणीतरी बाहेरून ताब्यात घेतला, त्यातली नोंदींची टेबले पुसून टाकली आणि पैसे मागणारी चिठ्ठी मागे ठेवली. डेटाबेसच्या सुरक्षिततेत मी कसूर केली, असे नोटीस म्हणते.

नगरपरिषद आपल्या खात्यात येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण संगणक सुरक्षेचे देशभरचे नियम आपले मंत्रालय करते, सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था आपल्या अखत्यारीत आहे, म्हणून आपल्यालाच लिहितो.

त्या सर्व्हरवर पोस्टग्रेस ११.२ हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर चालत होते. ही आवृत्ती फेब्रुवारी २०१९ ची. त्याच वर्षी जूनमध्ये ११.४ आली, आणि तिच्यात सुरक्षेतले एक गंभीर भोक बुजवले होते. डेटाबेसमध्ये लॉगिन असलेला कुठलाही साधा वापरकर्ता स्वतःचा पासवर्ड विशिष्ट पद्धतीने बदलून सर्व्हर पाडू शकत होता, आणि पुढे जाऊन त्या मशीनवर स्वतःचा कोडही चालवू शकत होता. काउंटरवरचा एक पासवर्ड फुटला की पुरे. आमच्याकडे तर एकच पासवर्ड सगळ्या काउंटरवर चालायचा, कारण वेगवेगळी लॉगिन करून द्यायला सॉफ्टवेअरचा पुरवठादार वेगळे पैसे मागत होता. तपासात काय निघायचे ते निघेल. पण ते भोक २०१९ सालीच बुजवता आले असते, फुकट.

फुकट हा शब्द मी जपून वापरतो आहे. पोस्टग्रेस बनवणारे लोक एका मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या पुरवतात, साधारण दर तीन महिन्यांनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ११.२२ आली आणि ११ चा पाठिंबा संपला. ११.३ पासून ११.२२ पर्यंत वीस वेळा त्यांनी दुरुस्ती करून दिली. आमच्या सर्व्हरवर त्यातली एकही बसली नाही. त्यानंतर सापडलेल्या भोकांना तर ११ साठी पॅच, म्हणजे दुरुस्ती, निघालाच नाही. असली किरकोळ आवृत्ती बसवायला डेटा हलवावा लागत नाही. सेवा थांबवायची, नव्या फाइली टाकायच्या, सेवा सुरू करायची. बॅकअप आधी घेऊन ठेवला असेल तर अर्धा तास. हा अर्धा तास मी लेखी मागत होतो, माझे सगळे ईमेल जपून ठेवलेले आहेत. मागच्या वर्षी सर्व्हर बंद पडून काउंटरवर गोंधळ झाला, तेव्हा साहेबांनी बैठक घेतली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री डाऊनटाइम, म्हणजे सर्व्हर बंद ठेवायला वेळ, द्यायचा, आधी ११.२२ आणि मग नवी मुख्य आवृत्ती, असे इतिवृत्तात लिहिले गेले. मला त्या रात्री बरे वाटले होते. पहिला शनिवार वसुली मोहिमेत गेला. पुढचा आचारसंहितेत. मग मार्च एंडिंग. मग पुरवठादाराचे पत्र आले, की आमचे सॉफ्टवेअर ११.२ वरच तपासलेले आहे, डेटाबेसला हात लावलात तर एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) जबाबदारी आमच्यावर नाही. साहेबांनी त्या पत्रावर 'सध्या स्थगित' असा शेरा मारला आणि तीन आठवड्यांनी त्यांची बदली झाली.

पावसाळ्याआधी घर शाकारायचे असते, हे गावाकडच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. सरकारी सर्व्हरचे छप्पर मात्र गळायला लागल्यावरही कुणी वर चढू देत नाही.

आता माझ्यावर काय गुजरते आहे तेही ऐका. सायबर पोलिसांनी माझा लॅपटॉप आणि फोन जमा करून घेतला. चौकशीत पहिला प्रश्न होता, 'तुझ्याशिवाय ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे होता?' मी ज्या पुरवठादाराचे नाव सांगितले त्याला अजून बोलावलेले नाही. ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार अडवला आहे, 'चौकशी संपेपर्यंत'. बायकोच्या माहेरी लोक विचारतात की जावयाने काय केले. काउंटरवर एक ऑपरेटर मुलगी आहे, तिला रोज शिव्या खाव्या लागतात. कुणाला शाळेत टाकायच्या मुलाचा जन्मदाखला हवा असतो, कुणाला विम्यासाठी बापाचा मृत्यूदाखला. त्या माणसांचा राग खोटा नाही. पण तो त्या मुलीवर निघतो, कारण तिच्याशिवाय समोर कुणीच बसत नाही. तिलाही नोटीस आली आहे. पासवर्ड तिच्या टेबलावरून फुटला असावा, एवढाच तिचा अपराध.

हा प्रकार आमच्या गावापुरता असता तर मी गप्प बसलो असतो. २५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल स्लॅमर नावाचा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधल्या भोकातून जगभर पसरला. अवघ्या ३७६ बाइटचा होता. दहा मिनिटांत त्याने जगातले बहुतेक असुरक्षित सर्व्हर गाठले, किमान ७५ हजार मशीन. बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम बंद पडली. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच जुलै २००२ मध्येच, सहा महिने आधी, देऊन ठेवला होता. आमच्या पिढीच्या डीबीएंना हा धडा नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी सरकारी कार्यालयांनी तो घेतलेला नाही.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात पडले. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, असे सरकारनेच संसदेत सांगितले. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयात कित्येक दिवस कागदावर काम चालले. तिथे ही अवस्था असेल तर नगरपरिषदेच्या सर्व्हरकडे कोण बघणार?

आपल्या खात्याने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इनने सांगितले की घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा आणि १८० दिवसांचे लॉग (संगणकावरच्या हालचालींच्या नोंदी) ठेवा. जून २०२३ मध्ये सरकारी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. पण सहा तासांची घाई घर जळाल्यावरची आहे. पॅच बसवला नाही म्हणून कुठल्या मुख्याधिकाऱ्याला, कुठल्या सचिवाला नोटीस गेली आहे का? ती आम्हालाच येते, आणि तीही सगळे संपल्यावर.

आणि ऑडिट! आमच्या संकेतस्थळाला 'सेफ टू होस्ट', म्हणजे चालवायला सुरक्षित, असे प्रमाणपत्र होते. ते खोटेही नव्हते. ऑडिटरने वेब ॲप्लिकेशन तपासले, कारण वर्क ऑर्डरमध्ये तेवढेच लिहिले होते. मागच्या डेटाबेसची आवृत्ती त्याने पाहिली नाही, कारण ती पाहायला त्याला कुणी सांगितलेच नव्हते. टेंडरमध्ये स्क्रीन किती, प्रिंटर किती, प्रशिक्षणाचे दिवस किती, सगळे असते. पॅचिंगची ओळ नसते. ती घालणाऱ्याचा दर वाढतो आणि तो एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याला, हरतो. मग एल-वनवाला एक माणूस ठेवतो, त्याला अर्धा पगार देतो, आणि एक दिवस तोच माणूस आरोपी होतो. सरकारला संगणकीकरणाचे उद्घाटन करायला आवडते. त्याची देखभाल करणाऱ्याला सरकार आपला माणूसही मानत नाही. हे एका खात्याचे दुखणे नाही, पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या खोल्यांपर्यंत सगळीकडे हेच चालले आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ला झाला. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड. तो दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याचा डेटा गेला त्याला त्यातला रुपया नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ, ज्याखाली हलगर्जी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येत होती, तेच या कायद्याने वगळायचे ठरवले आहे. शिवाय कलम १७ खाली सरकारला आपल्या यंत्रणा अधिसूचना काढून सोडवून घेता येतात. ज्या माणसाच्या बापाचा मृत्यूदाखला आमच्या सर्व्हरवरून पुसला गेला, त्याला आपण काय सांगणार आहात?

अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ पासून एक बंधनकारक आदेश आहे. ज्या भोकांचा प्रत्यक्ष गैरवापर होतो आहे त्यांची जाहीर यादी निघते, आणि नव्या भोकांसाठी केंद्रीय कार्यालयांना साधारण दोन-तीन आठवड्यांची मुदत मिळते. तसा आदेश सर्ट-इनने काढावा आणि तो नगरपरिषदांपर्यंत लागू करावा. डाऊनटाइम नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहून सही करावी, आणि ती सही त्याची बदली झाल्यावरही त्याच्याच नावावर राहावी. पाठिंबा संपलेल्या डेटाबेसवर एकही नागरी सेवा चालू नये. पॅचिंगची ओळ नसलेले टेंडर मंजूरच होऊ नये.

आणि एक मागणी थेट आपल्याकडे. आपल्या मंत्रालयाच्या प्रत्येक डेटाबेस सर्व्हरवर शेवटचा पॅच कधी बसला, ते जाहीर करा. आवृत्ती सांगू नका, ते धोक्याचे आहे. फक्त तारखा सांगा.

कळावे,

आपला,
एक कंत्राटी डेटाबेस प्रशासक, विदर्भ