मंत्रिमहोदय, पाचव्या दिवशी जिवंत किती ते विचारा
प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
गोवा राज्य

स. न. वि. वि.

राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराहपालनाला भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान मिळते. 100 माद्या आणि 10 नरांच्या युनिटला ते 30 लाखांपर्यंत जाते. योजनेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हिशेबाच्या सुरुवातीबद्दल. प्रकल्प अहवाल लिहिताना पहिला प्रश्न असतो, एका वेताला पिल्ले किती? लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही परदेशी जात म्हटली की दहा-बारा लिहायची, पुढचे गणित आपोआप जमते. त्यातली किती तगणार, हे मात्र अंदाजपंचे ठरते.

डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. माणसाच्या बाळात ती वजनाच्या 12 ते 15 टक्के असते, पिल्लात जेमतेम 1 ते 2 टक्के. तीही बहुतेक पेशींच्या बांधणीत गुंतलेली, जाळून ऊब मिळवण्याजोगी नव्हे. इतर अनेक सस्तन प्राण्यांच्या पिल्लांना खास उष्णतेसाठी तपकिरी चरबी मिळते. डुकराकडे ती नाही, कारण तिला लागणारे जनुक त्याच्या पूर्वजांत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झाले. उरते ते थरथरणे आणि यकृत-स्नायूंतले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, तेही दिवसभरात संपत आलेले. पावसाळ्यातले 26 अंश आपल्याला उकाड्याचेच वाटतात, ओल्या नवजात पिल्लाला मात्र सुमारे 34 अंश लागतात.

पहिल्या तासातच त्याचे तापमान दोनेक अंशांनी उतरू शकते. गारठलेले पिल्लू आचळाशी धडपडते, भावंडे त्याला ढकलून देतात आणि चीक, म्हणजे विल्यानंतरचे पहिले दूध, राहून जातो. आणि चिकावरच सगळे अवलंबून! इंधन तोच, रोगप्रतिकारशक्तीही तोच, कारण डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे पिल्लाकडे जात नाहीत. मग ते उबेसाठी आईला चिकटून पडते आणि ती कूस बदलताना तिच्याखाली सापडते. नोंदवहीत लिहितात, ‘आईने चिरडले’. असे पिल्लू उघडून पाहिले, तर पुष्कळदा जठरात दुधाचा थेंब नसतो. डुकरीण उगाच बदनाम होते.

जातीचा मुद्दा इथे येतो. फ्रान्सने 1979 मध्ये चीनमधून मेइशान जातीची डुकरे नेली. त्यांची पिल्ले लार्ज व्हाइटच्या पिल्लांपेक्षा लहान, किलोच्या आसपास, तरी तगण्यात पुढे. तपासल्यावर दिसले ते असे, की वजन कमी असले तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते आणि जन्मतानाच ती अधिक पक्व असतात. आईच्या वारेतही रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. याउलट झपाट्याने वाढ आणि कमी चरबी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या वंशांची पिल्ले जन्मताना अधिक कच्ची निघाली. नुसत्या जन्मवजनावर भाळू नये, एवढे तरी यातून कळते. डेन्मार्कने 2004 पासून पैदाशीचा निकषच बदलला आणि एकूण पिल्लांऐवजी पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्ले मोजायला सुरुवात केली.

आपल्याकडे अगोंदा गोवन आहे, काणकोणातल्या गावाचे नाव मिरवणारी, राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात. तिचे गोडवे मी गाणार नाही. चण लहान, वाढ सावकाश, वेतही यॉर्कशायरच्या मानाने लहान. दहा-बाराच्या रकान्यात ती नापासच होणार. पण अंगावर चरबी धरणे हा गोव्यात दोष कधीपासून झाला? चरबीशिवाय चोरिस, आपला गोव्याचा सॉसेज, करून दाखवावा कुणीतरी!

तेव्हा मागणी अशी. अगोंदा, यॉर्कशायर आणि दोघांचा संकर यांच्या माद्या एकाच गोठ्यात, एकाच खुराकावर ठेवून वेते नोंदवावीत. प्रत्येक पिल्लाचे जन्मवजन, तासाभरानंतरचे तापमान, पहिल्या दिवसातली वजनवाढ (चीक किती प्यायले ते त्यावरून कळते) आणि पाचव्या दिवशी ते जिवंत आहे की नाही, एवढेच पुरे. जुन्या गोव्यात एला येथे केंद्र सरकारची कृषी संशोधन संस्था आहे, तिला सोबत घ्यावे. निकाल काहीही लागो, यॉर्कशायरच्या बाजूने लागला तरी, तो मराठी आणि कोकणीत छापून वराहपालकांच्या हाती द्यावा.

तोवर, ज्याला परदेशी जातीच्या माद्या द्याल त्याच्या मंजूर खर्चात पिल्लांसाठी आडोशाचा कप्पा, उबेचा दिवा आणि वीज गेल्यावर तो चालू ठेवणारी बॅटरी सक्तीने धरावी. पावसाळ्यात वीज कशी जाते, हे आपल्याला मी सांगायला नको. आणि तपासणीला येणारे अधिकारी किती पिल्ले जन्मली हे विचारतात, तसे पाचव्या दिवशी किती उरली तेही विचारू देत. त्यासाठी अर्जात एक रकाना वाढवावा लागेल, तेवढा आदेश आपण याच आर्थिक वर्षात काढावा.

आपला,
काणकोण तालुक्यातील एक वराहपालक