इंजिनाच्या संगणकातील बदलाची नोंद कागदावर हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गाडीच्या इंजिनाच्या संगणकात नवा प्रोग्रॅम भरून तिची अश्वशक्ती वाढवून घेण्याची, म्हणजे तरुण मंडळींच्या शब्दांत गाडी 'रिमॅप' करण्याची, हौस नाशिकमध्ये वाढताना दिसते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या हौशी मुलांच्या गाड्यांत ती होतीच. आता रोज मुंबई-आग्रा महामार्गावर धावणाऱ्या, घरच्या माणसांना घेऊन जाणाऱ्या साध्या डिझेल गाड्यांतही ती मला दिसू लागली आहे. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे डिझेल इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या, चाचणी विभागात काम करून निवृत्त झालो. ज्या शहरात एका चौकाला डिझेल इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून अजूनही मायको सर्कल म्हणतात आणि जिथे डिझेलच्या नोझलवर हजारो घरांच्या चुली पेटल्या, त्या शहरात तरी या विषयावर नीट बोलले जावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पत्राचे निमित्त घरचेच आहे. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक सात आसनी डिझेल गाडी सेकंडहँड घेतली. कागदपत्रे स्वच्छ होती, पीयूसी चालू होती, विम्यावर एकही क्लेम नव्हता, आणि चालवून पाहिली तेव्हा तिचा पिकअप असा होता की 'इंजिन चांगले ठेवले आहे' असे म्हणून मीच मान डोलावली. त्याचे मला आजही वाईट वाटते. सहा-सात महिन्यांनी कसारा घाट चढताना क्लच जळल्याचा वास येऊ लागला. नवी क्लच प्लेट बसवली, ती वर्षभरही टिकली नाही. मग टर्बोतून, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यातून, ऑइल यायला लागले, आणि शेवटी एका पिस्टनचा माथा भाजल्यामुळे इंजिन खोलावे लागले. मिस्त्रीचा पहिला संशय नोझलवर होता, म्हणून मी चारही इंजेक्टर जुन्या सहकाऱ्याकडे नेऊन टेस्ट बेंचवर लावून पाहिले; चारही ठीक निघाले. तेव्हा कुठे आम्ही स्कॅनर लावून ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या, कॅलिब्रेशनचा (त्यात भरलेल्या प्रोग्रॅमचा) क्रमांक वाचला, आणि तो कंपनीच्या मूळ क्रमांकाशी जुळेना. आधीच्या मालकाने, किंवा त्याच्याही आधीच्या मालकाने, केव्हातरी प्रोग्रॅम बदलून घेतला होता. कोणी बदलला, किती वाढवला, कोणत्या मर्यादा काढून टाकल्या, हे सांगणारी एक चिठ्ठीसुद्धा गाडीसोबत नव्हती.

रिमॅपमध्ये नेमके काय होते, ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण 'फक्त सॉफ्टवेअर बदलले, इंजिनाला हात लावला नाही' हे वाक्य ऐकून गिऱ्हाईक निश्चिंत होते. आजच्या डिझेल इंजिनात किती तेल, किती दाबाने आणि नेमक्या कोणत्या क्षणी फवारायचे, हे ईसीयू ठरवतो. त्यासाठी त्याच्या स्मृतीत आकड्यांचे तक्ते असतात आणि त्यांनाच नकाशे किंवा मॅप म्हणतात. अमुक फेरे, अमुक ॲक्सिलरेटर, अमुक हवा, तर अमुक मिलिग्रॅम तेल, अशी ती मांडणी असते. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून किंवा ईसीयू काढून टेबलावर घेऊन हे तक्ते वाचता येतात, बदलता येतात आणि परत भरता येतात. टर्बो असलेल्या इंजिनात अशा बदलाने वीस ते तीस टक्के ताकद वाढवता येते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात मात्र जेमतेम पाच-दहा टक्के, कारण तिथे जास्तीची हवा आणायची कुठून हा प्रश्न सॉफ्टवेअरने सुटत नाही.

ताकद तेलातूनच येते. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनातून सव्वाशे काढायची, तर जवळपास पाव पट जास्त तेल जाळावे लागते, आणि ते नीट जळायला तितकीच जास्त हवा लागते. ती देण्यासाठी टर्बोला आधीपेक्षा जोरात फिरावे लागते. लहान गाडीच्या टर्बोचे चाक मुळातच मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. त्याच्या बेअरिंगवर आणखी भार टाकताना आपण काय मागतो आहोत, याचा विचार व्हायला हवा. हवा कमी पडली तर काळा धूर येतो. ज्वाळेचे तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जाते आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियमसुद्धा ६६० अंशांना वितळते. तो शाबूत राहतो तो मुख्यतः खालून उडणाऱ्या ऑइलच्या फवाऱ्यामुळे आणि आग क्षणभरच टिकत असल्यामुळे. तेल फवारण्याचा कालावधी वाढवला की तो क्षणही लांबतो. नोझलची सुई आणि तिचे घर यांतली फट दोन ते चार मायक्रॉनची असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा अगदी लहानसा अंश. तिच्यावर हजार-दीड हजार बारचा दाब सोसण्याची जबाबदारी असते. हे मोजण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून 'इंजिनाला हात लावला नाही' हे वाक्य मला पटत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे मिळते की कंपनीच मुद्दाम ताकद दाबून ठेवते, एकच इंजिन दोन गाड्यांत दोन वेगळ्या अश्वशक्तींनी विकते, मग आपण मोकळी केली तर काय बिघडले? फियाटच्या रचनेचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन याचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केले जाते. स्विफ्टमध्ये ते सुमारे ७५ अश्वशक्तीचे होते आणि एसएक्स४, एर्टिगा या गाड्यांत ९० चे. पण त्या ९० अश्वशक्तीच्या इंजिनावर पाती फिरवून हवेचा मारा बदलणारा, वेगळ्या जातीचा टर्बो होता. स्विफ्टवर साधा, स्थिर रचनेचा होता. ७५ वरून ९० वर जाताना कंपनीने आधी लोखंड बदलले आणि मग आकडे बदलले. कंपनीने राखून ठेवलेली गुंजाइश खरी असते, हे मी नाकारत नाही. मे महिन्यातली मालेगावची दुपार, धुळीने तुंबलेला एअर फिल्टर, कुठल्या तरी पंपावरचे भेसळीचे तेल, घाटात सात माणसे आणि टपावर सामान, हे सगळे एकाच दिवशी जमून आले तरी इंजिन तगावे, यासाठी ती ठेवलेली असते. रिमॅपमध्ये आपण खर्च करतो ती हीच गुंजाइश.

हौसेला माझा विरोध नाही, आणि या कामातले सगळेच लोक फसवे आहेत असेही मी म्हणणार नाही. नाशिकमध्ये रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटारशर्यत झालेली आहे. मोटारस्पोर्टची या शहराला मनापासून आवड आहे, आणि बंद केलेल्या मार्गावर, तपासणी होऊन उतरणाऱ्या गाडीचे इंजिन कसे बांधावे हा त्या चालकाचा आणि त्याच्या मेकॅनिकचा प्रश्न आहे. जाणता ट्यूनर काम हाती घेण्यापूर्वी गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, लावतो, बदलाआधीचा आणि नंतरचा आलेख हातात देतो, एक्झॉस्टचे तापमान पाहतो, क्लचची अवस्था विचारतो आणि मूळ फाइल जपून ठेवतो. दुर्दैवाने अनेक ठिकाणी कुठून तरी मिळालेली तयार फाइल लॅपटॉपवरून अर्ध्या तासात भरली जाते. ती फाइल दुसऱ्या देशातल्या जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेणाऱ्या, पेट्रोलसाठी बनलेली असू शकते. आपल्याकडचे पेट्रोल त्याहून कमी ऑक्टेनचे असेल, तर ती इंजिनात ठोके आणू शकते, आणि ठोके म्हणजे पिस्टनवर हातोडा. काही वेळा तर ताकद वाढतच नाही. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की जास्त दाबल्याचे समजावे, एवढाच बदल केलेला असतो. पाय ठेवताच गाडी उसळते आणि मालकाला पंचवीस अश्वशक्ती वाढल्याचा भास होतो.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. हा बदल कोणालाही दिसत नाही. सायलेन्सर बदलला तर आवाज येतो, टायर रुंद लावले तर डोळ्यांना दिसतात. ईसीयूमधले आकडे बदलले तर पीयूसी केंद्रालाही पत्ता लागत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी करून ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुराची घनता मोजतात. त्या वेळी इंजिनावर चाकांचा भार नसतो आणि टर्बोचा पूर्ण दाबही तयार होत नाही, त्यामुळे जास्तीचे तेल जिथे खरोखर जाते, म्हणजे भारावर, चढणीला, ओव्हरटेक करताना, ती स्थिती तपासणीत येतच नाही. माझ्या भाच्याच्या गाडीची पीयूसी इंजिन खोलेपर्यंत वैध होती. नायट्रोजन ऑक्साइड तर या तपासणीत मोजलेच जात नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, तेव्हा डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणली गेली. ही कपात ज्या ईजीआर (जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आणि अन्य यंत्रणांमुळे शक्य झाली, त्यांच्यातल्याच काही रिमॅप करताना बंद केल्या जातात. काजळी अडवणारा डीपीएफ कापून आतून रिकामा केला जातो आणि त्याची दिव्यावरची सूचनाही सॉफ्टवेअरमधून पुसली जाते. नाशिक हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे. एका डीपीएफ कापलेल्या गाडीमागे द्वारका चौकात दुचाकीवर उभ्या असलेल्या माणसाला या कार्यक्रमाचा काय उपयोग?

सॉफ्टवेअर काय लपवू शकते, हे जगाने २०१५ साली फोक्सवॅगन प्रकरणात पाहिले. गाडी चाचणीत आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी दाखवणारा प्रोग्रॅम जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत होता, आणि त्याचा माग लागला तो प्रयोगशाळेबाहेर, गाडीला मोजणी यंत्र लावून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्यानंतर. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षे लपून राहू शकते, तर गल्लीतल्या गॅरेजमध्ये झालेला बदल कोणाला कळणार?

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे पाळण्याचाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. पण जे दिसतच नाही, ते पकडायचे कसे? सीएनजी किट बसवायचे तर ते मान्यताप्राप्त असावे लागते, आरसी पुस्तकावर नोंद करावी लागते, विमा कंपनीला कळवावे लागते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. त्यामुळे सीएनजीची जुनी गाडी घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे माहीत असते. त्याच गाडीच्या ताकदीत पाव पट वाढ झाली असेल, तर त्याच्यापुढे कोरा कागद असतो. अपघात झाला आणि बदल न कळवल्याचे उघड झाले, तर विम्याचा वाद त्याच्याच गळ्यात पडतो.

यावर उपाय अवघड नाही. आजच्या बहुतेक ईसीयूंमध्ये कॅलिब्रेशनचा क्रमांक आणि तो प्रोग्रॅम मूळचा आहे की नाही हे पडताळण्याचा एक आकडा असतो, आणि दोन्ही डॅशबोर्डखालच्या त्याच सॉकेटला लावायच्या साध्या ओबीडी स्कॅनरवर मिनिटभरात वाचता येतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात जुलै २०२१ पासून प्रदूषण तपासणीत हे आकडे पाहिले जातात आणि अनधिकृत सॉफ्टवेअर आढळल्यास गाडी नापास होते. आपल्याकडे एकदम सगळ्या गाड्यांना हे लावावे असे मी म्हणत नाही. पेठ रोडवरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडीच्या मालकीचे हस्तांतरण होते, निदान त्या वेळी तरी हे दोन आकडे वाचून हस्तांतरणाच्या कागदावर छापावेत, आणि कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलचे मूळ आकडे परिवहन विभागाला द्यावेत. चलाख माणूस हे आकडेही खोटे दाखवू शकतो, याची मला कल्पना आहे. तरीही अर्ध्या तासात फाइल भरणाऱ्या बहुतेकांना तेवढे कौशल्य आणि तेवढा वेळ नसतो, आणि बदल विकताना उघड होणार हे कळले, तर करून घेणाराही दोनदा विचार करील. ज्यांना बदल ठेवायचा आहे त्यांच्यासाठी सीएनजी किटसारखी मान्यता आणि नोंदणीची वाट असावी, की नसावी, यावर जाणकारांनी आणि परिवहन विभागाने उघड चर्चा करावी.

तोपर्यंत जुनी डिझेल गाडी घेणाऱ्या वाचकांना एवढेच सांगतो की गाडी चालवून पाहताना पिकअपवर खूश होऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन कॅलिब्रेशनचा क्रमांक वाचून घ्या, तो मूळ क्रमांकाशी जुळतो का हे विचारा, आणि चौथ्या गिअरमध्ये चढणीवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिनाचे फेरे गाडीच्या वेगापेक्षा पुढे पळतात का, ते पाहा. तसे होत असेल तर क्लच घसरत आहे.

भाच्याच्या गाडीचे इंजिन नव्याने बांधून झाले आहे. त्याने मूळ कॅलिब्रेशन परत भरून घेतले, आणि ते केव्हा, कोणत्या क्रमांकाचे भरले याची पावती घेऊन आरसीच्या पाकिटात ठेवली आहे. पिकअप पूर्वीपेक्षा कमी झाला. पुढे ही गाडी जो घेईल, त्याच्या हातात ती पावती पडेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तंत्रज्ञ
सिडको, नाशिक