'जिम पॅकेज'च्या रक्ततपासणीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
नाशिक

विषय: चुकीच्या वेळी घेतलेला नमुना आणि अपुऱ्या तपासण्या

महोदय,

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, गंगापूर रोडच्या एका जिममध्ये जातो. तिथल्या ट्रेनरने त्याच्या डोक्यात स्टिरॉइडच्या इंजेक्शनांचं खूळ घातलं. खूप भांडल्यावर "आधी रक्त तपासू, मग बोलू" एवढ्यावर तो राजी झाला. म्हणून मी तुमच्या लॅबचं रक्ततपासण्यांचं 'जिम पॅकेज' घेतलं. तपासणी कशासाठी हवी, तेही फोनवर स्पष्ट सांगितलं.

तरीही तुमचा माणूस रक्त घ्यायला आला संध्याकाळी सहाला. भाऊ नुकताच पायांचा जड व्यायाम करून, शेक पिऊन आला होता. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं, म्हणून नमुना सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी घेतात. बुकिंग करताना मला हे कुणीच सांगितलं नाही.

रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन कमी, यकृताच्या तपासणीत बघतात ते एसजीओटी हे एन्झाइम वाढलेलं. ट्रेनरने तोच कागद धरून भावाला सांगितलं, "तुझ्यात कमीच आहे, घ्यायलाच पाहिजे." त्या रात्री आई जेवली नाही.

आमच्या डॉक्टरांनी आठवडाभर व्यायाम बंद करायला लावून सकाळी आठला दुसरीकडे तपासणी करून घेतली. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित निघालं. एसजीओटी स्नायूंतूनही येतं, ते जड व्यायामाने वाढतं. दोष यकृताचा की स्नायूंचा हे कळायला जीजीटी (यकृताचं एन्झाइम) आणि सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) बघावं लागतं. तुमच्या पॅकेजात दोन्ही नाहीत. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून वृषणांना हुकूम देणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन्ससुद्धा नाहीत. इंजेक्शनं सुरू झाली की हीच दोन दबतात. आधीचा आकडा हाताशी नसेल तर पुढे तुलना कशाशी करायची? उलट कोलेस्टेरॉलची गुणोत्तरं, जी नुसत्या आकडेमोडीने निघतात, तीही वेगळ्या तपासण्या म्हणून मोजली आहेत.

फोनवर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "बाकी सगळं नॉर्मल आहे, बिनधास्त राहा." आजचा नॉर्मल रिपोर्ट म्हणजे इंजेक्शन घ्यायची परवानगी नव्हे. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाट होतं, ते औषध सुरू झाल्यावर.

माझे २,४०० रुपये परत करा. रिपोर्टवर नमुन्याची वेळ ठळक छापा आणि टेस्टोस्टेरॉनसाठी संध्याकाळचं बुकिंग बंद करा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

उत्तर लेखीच द्या. तो पहिला रिपोर्ट चुकीच्या वेळच्या नमुन्याचा होता, असं त्यात स्पष्ट लिहा. भाऊ अजून त्याच जिममध्ये जातो आणि तो कागद अजून त्याच्या बॅगेत आहे.

आपली,
एक ग्राहक, इंदिरानगर, नाशिक