विशेष शिक्षिका मॅडमना, गिरणीवाल्याकडून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही नक्की काय काम करता हे आमच्या माण तालुक्यात अजून निम्म्या लोकांना ठाऊक नाही. गटसाधन केंद्रातून, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या केंद्रातून, कुणी मॅडम येतात आणि दिव्यांग मुलांची यादी करून नेतात, एवढंच मीही ऐकून होतो.

आमच्या पोराला अल्बिनिझम आहे. केस पांढरे, कातडी गुलाबी, डोळे सारखे हलतात. पोरं त्याला ‘इंग्रज’ म्हणतात, ते सोडा. खरी अडचण नजरेची. चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही, कारण दोष डोळ्याच्या पडद्यातच आहे. उजेड जास्त झाला की जेवढं दिसतं तेवढंही जातं, आणि माणदेशातलं ऊन तुम्हाला सांगायला नको.

आधी त्याला तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत घातला होता. नाव घेत नाही. मान वाकडी करून बघतो म्हणून तिथं ओरडा खायचा, वर्गात टोपी काढायला लावायचे. मग एक दिवस मला बोलावून सांगितलं, ‘आमच्याकडं अशा मुलांची सोय नाही, अंधशाळेत चौकशी करा.’ पोरगं शेजारीच उभं होतं. फी परत मागायला गेलो तर पावतीच्या मागचा नियम दाखवला. दारात सरस्वतीची मूर्ती होती, वर सीसीटीव्ही होता, सोय तेवढी नव्हती.

मग गावातली जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजींनी त्याला पहिल्या रांगेत बसवला. कमी दिसणाऱ्या पोराला कुणीही तिथंच बसवेल. पुढं गुरुजी तुमच्या प्रशिक्षणाला जाऊन आले, आणि थोड्या दिवसांनी तुम्हीच शाळेत आलात.

तुम्ही वर्गात आल्यावर मी सवयीनं सांगायला लागलो, डॉक्टर काय म्हणाले, नंबर किती. तुम्ही मला हातानंच थांबवलंत, त्याच्यापुढं उकिडव्या बसलात आणि त्यालाच विचारलंत, ‘तुला कुठून बरं दिसतं? दाखव की मला.’

मॅडम, तोवर जो येईल तो त्याच्या डोक्यावरून मलाच विचारायचा. तो आधी गप्प राहिला. मग बस्कर उचललं आणि वर्गभर फिरला. इथं बसला, मान तिरकी केली, उठला, तिकडं बसला. पोरं हसायला लागली. तुम्ही दटावलं नाहीत, ‘तुम्हीही आपापली जागा शोधा’ म्हणालात, आणि सगळा वर्गच बस्करं घेऊन उठला. एवढा गोंधळ, पण घड्याळाकडं तुम्ही बघितलं नाहीत. शेवटी तो तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसला, खिडकीकडं पाठ करून. पहिल्या रांगेत दाराचा उजेड सरळ तोंडावर येत होता. गुरुजींना तुम्ही एवढंच सांगितलंत, ‘मान तिरकी केल्यावर त्याचे डोळे जरा स्थिरावतात, म्हणून तो तसा बघतो. सरळ कर म्हणू नका.’

आता गुरुजी फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचतात. टोपी चालते. उठून फळ्याजवळ जायला त्याला विचारावं लागत नाही. फळा तोच, खडूही तोच. नवीन लागलं ते गुरुजींना शिकवणारं माणूस, आणि त्या माणसाला पगार लागतो!

हा पगार ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शाळा-योजनेतून येतो, केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०, हे गुरुजींकडून कळलं. शिक्षकांना प्रशिक्षण देणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच लिहिलंय. तरी तुमच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं करारावरच राहिली. २०२४ मध्ये राज्यानं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली तेव्हा घरच्यासारखा आनंद झाला. शाळेत रॅम्प बांधला की उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो. गुरुजी चार गोष्टी शिकून आले याची फीत कोण कापणार? म्हणून कुणाला या खर्चाची आठवण राहत नाही.

काही जण म्हणतात, माणुसकी असली की प्रशिक्षण कशाला. आमचे गुरुजी आधीही माणुसकीचेच होते, पण मान का वाकडी होते हे नुसत्या माणुसकीनं कसं कळणार? आणि नुसतं ज्ञान असतं तर तुम्ही उकिडव्या बसला नसता, हेही खरं. आमच्या एसटीचा एक कंडक्टर आहे, पोराला पाटी वाचता येत नाही म्हणून लांबूनच गावाचं नाव घेऊन हाक मारतो. त्याला कुणी शिकवलं नाही. अशी माणसं भेटली की इंग्रजी शाळेचा राग जरा कमी होतो. पूर्ण जात नाही.

पुढल्या जूनला पोरगं पाचवीत, म्हणजे हायस्कूलला जाईल. तिथं दर तासाला वेगळे सर, आणि प्रत्येक जण त्याला उचलून पहिल्या रांगेत बसवणार. शाळा उघडायच्या आत त्या सगळ्यांचं प्रशिक्षण लावता येईल का? अर्ज कुणाच्या नावे करायचा तेवढं कळवा. मी आणि गुरुजी दोघंही सही करतो, गावातल्या आणखी काही पालकांच्याही घेतो.

आपला,
गिरणीवाला, तिसऱ्या रांगेतल्या पोराचा बाप