फौजदारवर आळ नाही

नाशिकरोड, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी आपला फौजदार गेल्याचं फोनवर सांगितलं, तर तू नुसतं 'हं, हं' करत राहिलीस आणि मग मीटिंग आहे म्हणून ठेवून दिलास. मीटिंगबिटिंग काही नव्हती, हे आईलाही कळलं. रडलीस तर रडलीस, त्यात लपवायचं काय? आमचंही इथे फार वेगळं नाही. आई अजून सकाळी उठल्याबरोबर पिंजऱ्यावरचा कपडा काढायला जाते आणि मग तिकडेच निघाले होते असं दाखवत देवापुढे जाऊन उभी राहते.

तेव्हापासून तुझा फोन दोन मिनिटांवर आलाय. काल तर खोकल्यामुळे तेवढाही झाला नाही. आई म्हणाली, जे सांगायचं ते लिहून काढा, मी फोटो काढून तिला व्हॉट्सअॅपवर टाकते. फक्त तिच्या खोकल्याच्या मागे लागू नका. मी बरं म्हटलंय. अक्षर लागलं नाही तर विचार.

तर झालं असं. घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी फौजदार पिसं फुगवून गप्प बसला. तू शिकवलं होतंस तशी वाटीत फुंकर मारून बघितली. एरवी वरची टरफलं उडतात आणि खाली चार दाणे उरलेले दिसतात. या वेळी उडायला टरफलंच नव्हती, राळे जसेच्या तसे. समुद्रफेसालाही चोच लावलेली नाही. संध्याकाळी तो दांडीवरून उतरला, पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात जाऊन बसला, आणि श्वासागणिक त्याची शेपटी खालीवर व्हायला लागली. तेव्हा मी चप्पल घातली.

कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण पक्षी म्हटलं की 'आम्ही बघत नाही'. शेवटी गंगापूर रोडला एक मिळाले. सिंहस्थाची कामं निघाल्यामुळे रस्त्यांचं काय विचारू नकोस. द्वारका सर्कलला रिक्षा हलेना. आई डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्याशी सारखी बोलत होती. काय बोलत होती ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

डॉक्टरांनी वजन केलं, 71 ग्रॅम. गणपतीत तू केलंस तेव्हा 93 होतं, कॅलेंडरवर तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. छातीचं हाड बोटाला टोचत होतं. आणि एवढं होऊनही डॉक्टरांनी हात पुढे केला तर या पठ्ठ्यानं तुरा डोक्याला चिकटवला, पंख फाकवले, फिस्स् केलं आणि हातमोज्याला चावला! डॉक्टर म्हणाले, "तिखट आहे हो." मला काय वाटलं ते लिहीत नाही. तुला कळेल.

यकृत वाढलंय म्हणाले. सोळा वर्षांचा झाला होता, पोपटाच्या कुळातले हे कॉकाटील साधारण पंधरा-वीस वर्षं जगतात, त्यामुळे वयही झालेलं होतं. पक्षी म्हणे आजार दाखवतच नाहीत. जंगलात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो, म्हणून अंगातलं त्राण संपेपर्यंत ठीक असल्यासारखे बसतात. आपल्याला कळतं तोवर फार उशीर झालेला असतो. इंजेक्शन दिलं, ऊब द्या म्हणाले. पिंजऱ्याशेजारी बल्ब लावून बसलो. पहाटे गेला. आई म्हणते झोपेत गेला. मी जागा होतो, पण तेच खरं धरू.

आता पुढचं. निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला ताप, खोकला?" मी म्हटलं, आम्ही दोघंच असतो, ठणठणीत आहोत. आणि परत येताना बिटको चौकापाशी माझ्या डोक्यात आलं की गणपतीत पिंजरा तूच घासत होतीस, तो दिवसभर तुझ्याच खांद्यावर होता, आणि बंगलोरला परत गेल्यापासून तू खोकतेस.

रात्री डॉक्टरांना फोन केला. पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक आजार आहे, सिटाकोसिस. वाळलेल्या शिटेची, पिसांची धूळ श्वासातून आत गेली की होतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, आणि अंगावर काढला तर न्यूमोनियापर्यंत जातो. डॉक्सीसायक्लिन नावाचं साधं औषध आहे, त्यानं बरा होतो. पण पेशंटनं घरात पक्षी होता हे सांगितलंच नाही, तर माणसांचे डॉक्टर फ्लू समजून सोडून देतात. आणखी एक म्हणजे कॉकाटीलच्या पिसांतून ती पांढरी भुकटी पडते ना, तुझ्या काळ्या कुर्त्यावर दिसायची ती, वर्षानुवर्षं नाकात जाऊन काहींच्या फुप्फुसांना तिची ॲलर्जी होते. डॉक्टर म्हणाले, दोन्हींची शक्यता तशी कमीच.

मनू, माझं आयुष्य नोट प्रेसमध्ये तपासणीत गेलं. डागाची शीट निघायची शक्यता तिथेही कमीच असायची, म्हणून कुणी न बघता गठ्ठा पुढे ढकलत नव्हतं.

हे लिहिताना मला चोरट्यासारखं वाटतंय हे खरं. जो जन्मभर तुझ्यावर कुणाला बोट ठेवू देईना, तो गेल्यावर पंधरा दिवसांत मी त्याच्यावरच संशय घेतोय. ऐकलं असतं तर माझा कान शिल्लक ठेवला नसता त्यानं.

तुला आठवतं का, तुला पोपटच हवा होता. मी म्हटलं, आपला देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, 1972 चा कायदा आहे. तू सहावीत, मला म्हणालीस कायदा दाखवा. मग हा आणला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. दुकानदार म्हणाला, गरीब जात आहे, चावत नाही. त्या गरिबानं आठवड्याच्या आत आजीचा चष्मा खाली पाडला, कारण आजी वेणी घालत होती आणि तू 'आई गं' म्हणालीस. फौजदार हे नाव आजीनं त्या दिवशी ठेवलं. तू ठरवलेलं मिठू कुणी पुन्हा उच्चारलं नाही.

आणि ते ओझरचे लोक! मुलाच्या आईनं कौतुकानं तुझी हनुवटी धरली मात्र, हा पडद्याच्या दांडीवरून सुटला तो थेट त्यांच्या अंबाड्यावर. मी तोंडानं माफी मागतोय आणि पोटात हसू मावत नाही. तू पोह्यांच्या डिशा टाकून आत पळालीस. त्यांचं नंतर काय काय कळलं ते आहेच. मामा अजून म्हणतो, निकाल फौजदारनं आधीच दिला होता, आपण उगाच चौकशा करत बसलो.

ढोलाला मात्र भ्यायचा. तसं नाशिकच्या ढोलाखाली माणसाचंही काळीज हलतं. पण विसर्जनाला तू खिडकीत उभी राहिलीस की थरथरत का होईना, गजावर येऊन बसायचा, तुझ्या आणि मिरवणुकीच्या मधे. पाठ तुझ्याकडे, तोंड रस्त्याकडे. अख्ख्या पथकाला तुरा दाखवायचा.

मला किती चावला याचा तर हिशोबच नाही. तुझ्यावर आवाज चढला की आलाच. तुझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरचं ते भांडण आठव. तुझ्यापर्यंत माझी दोन वाक्यं पोचली असतील, बाकी वेळ मी कान धरून मोरीत उभा. त्यानंतर मी घरात हळू बोलायला लागलो असं आई सगळ्यांना सांगते. सांगू दे.

2015 च्या सिंहस्थात तुला डेंग्यू झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर हा तुझ्या उशीवरून हलेना. आई थर्मामीटर घेऊन आली की फिस्स्. शेवटी तिनं पोळ्यांचं ताट मधे आडवं धरून तुझा ताप बघितला. तेव्हाही तू ताप आधी दोन दिवस लपवलास, प्रॅक्टिकल बुडेल म्हणून. टोमणा मारत नाहीये. आठवलं म्हणून लिहिलं.

पण खरंच सांग, तिकडे तुझ्याकडे बघणारं कोण आहे? रूममेट गेली, नवीन अजून आली नाही. रात्री दीड वाजता ऑनलाइन दिसतेस. जेवण डब्यातलं नाहीतर मागवलेलं. दिवसभर एसीत. खोकला आला की कफ सिरप प्यायचं आणि परत लॅपटॉप. महिना होत आला, मनू! महिनाभराचा खोकला 'हवा बदलली' म्हणून सोडून द्यायचा नसतो. बंगलोरची हवा काय आजच बदलली? सहा वर्षं आहेस तिथे. आणि मला उलट सांगतेस, बाबा, तुम्ही बीपीची गोळी घेतलीत का. मी घेतो. डबीत वार लिहिलेत.

झालं, सुरू झालो. माफ कर. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला असं लिहू नये हे मला समजतं. तुझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत आणि तू त्यांना रजा देतेस, हे मी कट्ट्यावरच्या प्रेसवाल्यांना इतक्यांदा सांगितलंय की हल्ली मी तोंड उघडलं की तेच म्हणतात, अकरा माणसं, माहीत आहे. अकरा माणसांना देतेस तशी एक अर्धी रजा स्वतःला दे, एवढंच माझं म्हणणं.

त्याला सोसायटीच्या मागे कढीपत्त्याशेजारी पुरलं. खोल खणलं, कुत्री उकरतात म्हणून वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. खणायला वॉचमन आला, तोच, ज्याचं बोट फौजदारनं फोडलं होतं. म्हणाला, साहेब, माणूस कामाचा होता.

दहाव्या दिवशी आईनं मला न सांगता गच्चीत दहीभात ठेवला. मी वर गेलो तर बसलेली. मी म्हटलं, अगं, कावळ्यांशी त्याचं हाडवैर, ते कशाला शिवतील? बराच वेळ कठड्यावर नुसते बसून होते. मग आई काहीतरी पुटपुटली. तुझं नाव तेवढं ऐकू आलं. लगेच एक उतरला आणि घास घेऊन गेला. मी हे असलं मानत नाही, तुला ठाऊक आहे. झालं ते लिहिलं.

पिंजरा डॉक्टरांनी सांगितला तसाच साफ केला. कोरडा झाडायचा नाही, धूळ उडते. मास्क लावून आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवला, मग घासला. खालच्या काकू लव्हबर्डसाठी मागतायत. द्यायचा का ते तू ठरव. मला विचारशील तर नको, पण आईला तो जाता-येता दिसतो.

डॉक्टरांकडे गेलीस की पहिलं वाक्य हे बोल: माझ्या घरी सोळा वर्षं कॉकाटील होता, तो सप्टेंबरात वारला, त्याआधी मी त्याच्याजवळ होते. बाकी ते विचारतील. छातीचा एक्स-रे सांगितला तर लगेच काढ, पैसे मी टाकतो, त्यावरून वाद नको. काही निघालं नाही तर उत्तमच. मग मी फौजदारची माफी मागेन, मला त्याची सवय आहे.

शनिवारी सकाळी जा. शनिवारी गर्दी असते म्हणशील, तर शुक्रवारी जा. रिपोर्ट आधी मला पाठव, आईला मी सांगतो. दिवाळीला सुट्टी नाही म्हणतेस, तर चिवडा आणि करंज्या कुरिअरनं येतील. पत्ता तोच आहे ना?

तुझा,
बाबा