‘होमली’ मुलगी आणि इंग्रजी बायोडाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातलं ‘वर पाहिजे’चं पान मी आधी वाचते, अग्रलेख नंतर. राग मानू नका, माझं पोटच त्यावर आहे. साताऱ्यात आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मशीन आमचे हे सांभाळतात. मी इंग्रजी घेऊन एम. ए. केलेलं, म्हणून लग्नाचे बायोडाटे इंग्रजीत करून द्यायचं काम माझ्याकडे. पूर्वी मराठी प्रतीवर भागायचं. आता स्थळ पुण्यातलं असलं तरी इंग्रजी प्रत मागतात आणि परदेशातलं असलं तर ती लागतेच.

आपल्या पानावर इंग्रजी जाहिरातीही असतात. त्यांत मुलीच्या वर्णनात एक शब्द हटकून भेटतो: होमली. फेअर, स्लिम, होमली, असं त्रिकूटच म्हणा ना! या होमलीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आपल्याकडे हा शब्द ‘घर सांभाळणारी, वळणाची’ अशा अर्थाने चालतो. अमेरिकेत मात्र एखाद्या बाईला होमली म्हटलं की ती दिसायला बेतासबात आहे, असाच अर्थ होतो, आणि तेही जरा नाक मुरडून. इंग्लंडमध्ये तो तितका बोचत नाही. तिथे जेवण होमली असतं, म्हणजे साधं, पोटभर. एखादी खोली होमली असते, म्हणजे तिथे परकं वाटत नाही. प्रेमळ, साध्या राहणीच्या घरमालकीणबाईंनाही होमली म्हणतात. पण वयात आलेल्या मुलीची शिफारस म्हणून हा शब्द तिथेही कुणी वापरणार नाही.

बरं, हा अमेरिकनांचा अलीकडचा वाह्यातपणा आहे असंही नाही. शेक्सपिअरच्या जुळ्या भावांच्या गोंधळाच्या नाटकात एड्रियाना नवऱ्याचं लक्ष उडालं म्हणून कुढते आणि वयाने आपलं रूप ओसरलं की काय असं स्वतःलाच विचारते. तिथे त्या वयाला लावलेलं विशेषण होमलीच आहे. मिल्टनचं एक नाट्यकाव्य १६३४ साली रंगमंचावर आलं. त्यातला खलपुरुष तर चक्क कोटी करतो: होमली चेहऱ्यांनी घरीच बसावं, त्यांना नाव पडलं ते त्यावरूनच. म्हणजे ‘घरातली’ आणि ‘रूपाने साधारण’ हे दोन्ही अर्थ तेव्हापासून एका दावणीला बांधलेले आहेत. एम. ए.ला हे वाचताना आम्ही हसलो होतो. आता दुकानात बसून हसू येत नाही.

मध्यंतरी कोरेगावकडचे एक काका आले. मुलगी बी. कॉम., सहकारी बँकेत कर्ज विभागात. बायोडाटा दुसरीकडून करून घेतलेला होता. तो टेक्सासमधल्या एका स्थळाला गेला. त्या घरातली मोठी सून तिथेच जन्मलेली. तिने मध्यस्थांना फोन करून विचारलं, मुलगी फोटोत तर छान दिसते, मग घरच्यांनीच ती दिसायला बरी नाही असं का लिहिलंय? काकांना यातलं काही कळेना. त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. वर गणपती, खाली नाडी, गण, मामेकूळ, सगळं व्यवस्थित. आणि ‘स्वभाव’ या रकान्यात इंग्रजीत वाक्य: ‘शी इज अ होमली गर्ल अँड बिहेव्ज व्हेरी होमली.’

पहिल्या निम्म्या वाक्यात अर्थाचा घोटाळा, दुसऱ्यात व्याकरणाचा. शेवटी ‘ली’ आलं की ते क्रियाविशेषण, असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं. पण नामाला ‘ली’ लागून झालेले फ्रेंडली, कॉस्टली, होमली हे शब्द विशेषणं आहेत. ती नामाचा हात धरून चालतात. कुणी ‘होमली वागत’ नाही.

मी विचारलं, “काका, तुम्हाला नक्की काय सांगायचंय?”

“ताई, म्हणजे... घरात रमणारी. आल्यागेल्याचं करणारी.”

“काय काय करते ती?”

तर काका सुरूच झाले. आजीला डायलिसिसला तीच घेऊन जाते. धाकट्याची फी तिच्या पगारातून जाते. मसाला घरचाच लागतो म्हणून मे महिन्यात डंकावर स्वतः उभी राहते. मी त्यातली दोन वाक्यं साध्या इंग्रजीत उतरवली आणि होमली काढून टाकला. काका म्हणाले, “पण तो शब्द पाहिजे होता हो, सगळ्यांच्यात असतो.” त्यांच्या समाधानासाठी ‘कुटुंबवत्सल’ या अर्थाचा एक शब्द घातला. तो निरुपद्रवी आहे.

हे शब्द आले कुठून, याचं उत्तर आपल्या जाहिरात खिडकीवर आहे. छोट्या जाहिरातीला शब्दागणिक पैसे मोजायचे म्हटल्यावर माणूस वाक्य कशाला लिहील? एका शब्दात आख्खी मुलगी बसवायची. ‘गृहकृत्यदक्ष’ हीसुद्धा त्याच काटकसरीची मराठी आवृत्ती. ‘इश्यूलेस’ही तसाच, वकिली इंग्रजीतून आलेला: अपत्य नाही, एवढंच सांगायचं असतं. पण आजच्या पोरांना इश्यू म्हणजे भानगड. एकाने मला विचारलं, “मावशी, हिचा काहीच प्रॉब्लेम नाही असं का लिहिलंय?” ‘इनोसंट डिव्होर्सी’ तर मला अगदी खटकतो. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली. दोघांनी मिळून अर्ज केला, तर त्यात निर्दोष कोण आणि दोषी कोण? तरी जाहिरातीत एक निष्पाप असतोच. म्हणजे दुसऱ्यावर न सुनावता शिक्का!

रंगाचं तर विचारूच नका. गव्हाळ हा आपला किती गोड शब्द! त्याचं ‘व्हीटिश’ केलं की भारताबाहेरच्या माणसाला पिठाच्या गिरणीचं काहीतरी वाटतं. वर्णावरून स्थळं गाळायची सोय टीका झाल्यावर शादी डॉट कॉमनेसुद्धा २०२० साली काढून टाकली. आपल्या पानावर ‘फेअर’ अजून ठाण मांडून आहे.

आता मोबाइलवरून पाठवायच्या बायोडाट्याला शब्दांचे पैसे पडत नाहीत. तरी लोक जाहिरातीचीच भाषा त्यात ओततात, कारण ती आपल्यासारख्या वर्तमानपत्रात छापून येते आणि छापलेलं बरोबर असतं असं त्यांना वाटतं. म्हणून हे पत्र आपल्याला, नाहीतर काकांनाच समजावून थांबले असते.

आपल्या इंग्रजी जाहिरातीच्या छापील अर्जात खूण करण्यासाठी तयार विशेषणं दिलेली आहेत. त्यांतलं होमली काढावं. फेअर काढलात तर उत्तमच, पण त्यावर आपल्या कचेरीत वाद होईल याची कल्पना आहे. त्या जागी एक मोकळी ओळ ठेवा, मुलगी काय करते ते लिहायला, आणि तेवढ्या ओळीचे पैसे लावू नका. हीच ओळ ‘वधू पाहिजे’च्या अर्जातही हवी. मुलगा होमली असल्याचं मी तरी अजून कुठे वाचलेलं नाही.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
सातारा